घर आणि झाड एकाच कागदावर

महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला ‘हेरिटेज ट्री’चा, म्हणजे वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. दादर-माटुंग्यातल्या एखाद्या आवारात १९५८ साली लावलेला बहावा त्यामुळे आज कायद्याच्या लेखी वारसा ठरतो. त्याच वर्षी त्याच आवारात उभ्या राहिलेल्या इमारतीला मात्र असे कोणतेही नाव नाही. प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदाही १९५८चाच. त्याच्या दाराशी जायला वास्तूचे वय किमान शंभर वर्षे लागते. मुंबईच्या १९९५च्या वारसा नियमावलीसोबतच्या यादीचा भर ब्रिटिश अमदानीतल्या इमारतींवर आहे. मधल्या काळातल्या घरांची सरकारी नोंद सापडते ती उपकराच्या वहीत. शहर भागातल्या ३० सप्टेंबर १९६९पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींचे ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ असे वर्ग पाडलेले आहेत, आणि १९४०नंतरची घरे त्यातल्या ‘ब’ आणि ‘क’ वर्गात येतात. म्हणजे शासनाला त्यांचे वय ठाऊक आहे, पण ते दुरुस्तीच्या आणि पुनर्विकासाच्या हिशेबापुरते. ही घरे दिसायला कशी आहेत, त्यांच्या पुढ्यात काय वाढले आहे, त्यांची सावली कुठे पडते, याची नोंद कुठल्याच वहीत नाही. ही उणीव कायदा भरून काढेल तेव्हा काढेल. चित्रकार ती आजच भरायला घेऊ शकतात, असे माझे म्हणणे आहे. आपल्या गावातल्या बागा आणि साधारण १९४० ते १९७० या काळातली घरे हा विषय आपल्या चित्रकारांनी गांभीर्याने हाती घ्यावा, आणि घर व झाड एकाच कागदावर, त्यांच्या परस्पर नात्यासह काढावे.

नात्यासह म्हणजे काय, ते या घरांकडे नीट पाहिले की कळते. तळमजला आणि वर तीन मजले. इमारत रस्त्यापासून मागे घेतलेली, म्हणून कंपाउंडची भिंत आणि पहिली गॅलरी यांच्यामध्ये जमिनीचा एक पट्टा मोकळा राहिलेला. त्या पट्ट्यात जास्वंद, कण्हेर, पारिजातक, एखादा सोनचाफा, कोपऱ्यात बदाम किंवा नारळ, आणि फाटकाबाहेर पालिकेचा गुलमोहोर, पीतमोहर नाहीतर रेन ट्री. घराच्या कोपऱ्याला गोलाई दिलेली गॅलरी, तिच्यावर सलग फिरणारा छज्जा, जिन्याच्या अंगाला उभी काचेची पट्टी किंवा सिमेंटची जाळी, आत मोझेकच्या लाद्या. या साऱ्या गोष्टी शोभेसाठी केलेल्या दिसतात, पण त्यांचे मूळ काम हवामानाशी जुळवून घेण्याचे. छज्जा मेमधले ऊन अडवतो आणि जुलैमधला पाऊस भिंतीपासून दूर टाकतो. जाळी जिन्यात वारा खेळवते. पश्चिमेचे तिरपे ऊन छज्ज्याला आवरत नाही, ते झाड आवरते. साठ वर्षांत झाड वाढत वाढत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीला लागले, आणि वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला फांदीच्या उंचीवर बसून फुलोरा पाहता येऊ लागला. घर बांधणाऱ्याने ही उंची ठरवली नव्हती, तरी आज ती त्या घराचा भाग आहे. नुसता दर्शनी भाग काढला तर ही गोष्ट निसटते. नुसते झाड काढले तरी निसटते. इमारतीचा उभा छेद आणि झाडाचा उभा विस्तार शेजारी शेजारी काढला, तरच ती सापडते.

झाड आणि घर यांचा एकत्र विचार तेव्हाच्या धुरीणांनी जाणूनबुजून केला होता, याला पुरावे आहेत. चंडीगढचे नाव निघाले की वास्तुविशारद ल कॉर्बुझिए आठवतो, पण तिथल्या रस्त्यांवर कोणती झाडे लावायची याचा पाया महिंदरसिंग रंधावा या वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या सनदी अधिकाऱ्याने घातला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत हेल्मुथ बार्च यांच्या आराखड्यावर उभी राहिली आणि जानेवारी १९६२मध्ये तिचे उद्घाटन झाले. समुद्राकडे उघडणाऱ्या तिच्या हिरवळी आणि बाग हा होमी भाभांच्या आस्थेचा विषय होता. भाभा स्वतः चित्रे काढत, हे इथे मुद्दाम लक्षात घ्यावे. सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डमध्ये ग्रोपियसच्या हाताखाली शिकून आले आणि कानपूरच्या आयआयटीचे संकुल त्यांनी उघडे काँक्रीट, विटा आणि झाडी यांच्या मेळातून उभे केले. ही झाली मोठी नावे. पण १९४८च्या कायद्यातून जन्मलेल्या बॉम्बे हाउसिंग बोर्डाने चेंबूर, घाटकोपर, विक्रोळीकडे ज्या वसाहती वसवल्या, त्यांतही दोन इमारतींमध्ये मोकळी जागा सोडलेली होती. त्या जागेत रहिवाशांनी तुळस, गवती चहा, कढीपत्ता, केळ लावली, टाकाऊ फरशांचे आळे केले, शेवग्याला कुंपण घातले. पानशेतच्या १९६१च्या पुरानंतर पुण्यात गोखलेनगर, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांची जी वस्ती वाढली, तिथेही लहान घर आणि त्यापुढची हातभर बाग हाच साचा होता. शतकाच्या मध्यातली वास्तुकला हा धनिकांचा शौक नव्हता. कारकून, गिरणी कामगार, शिक्षक त्या घरांत राहिले आणि त्यांच्याच हातांनी त्या बागा झाल्या. आपण ज्याला स्थानिक बाग म्हणतो ती हीच, आणि तिला माळी ठेवलेल्या उद्यानाइतकाच चित्रावर हक्क आहे.

आज या विषयावर चित्रे निघत नाहीत असे मुळीच नाही. दुकानांत, प्रदर्शनांत, पडद्यावर जुन्या इमारतींची चित्रे भरपूर दिसतात. तक्रार वेगळी आहे. त्यांतल्या बहुतेकांत इमारत एकटी उभी असते, सपाट फिकट गुलाबी किंवा शेवाळी आकाशासमोर, आणि झाड असलेच तर ते कोणत्याही गावाचे असू शकते. हा रंगांचा आणि आकारांचा साचा कॅलिफोर्नियातून आला. पाम स्प्रिंग्जच्या वाळवंटात रिचर्ड नॉयट्राने १९४६ साली बांधलेले कॉफमन हाऊस, ज्युलियस शुलमनने १९४७ साली टिपलेले त्याचे संध्याकाळचे छायाचित्र, त्यानंतरचे पोहण्याचे तलाव आणि निवडुंग यांतून तिथल्या चित्रकारांनी आपली एक भाषा घडवली. ती त्यांच्या हवेशी प्रामाणिक आहे. तिथे पाऊस जवळपास पडत नाही, म्हणून छत सपाट आणि रंग कोरडे. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या शहरात तीच भाषा वापरली की छज्ज्याखालचा काळा ओघळ पुसला जातो, भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप जाते, आणि ज्या कारणासाठी छज्जा होता ते कारणच चित्रातून हद्दपार होते. रंगांच्या निवडीवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो खिडकीबाहेर जे उभे आहे ते न पाहता दुसऱ्याने पाहिलेले काढण्याला.

आपल्याच घरात याहून चांगले नमुने आहेत. वास्तुविशारद कमू अय्यर यांनी गजानन बाबुराव म्हात्रे यांच्या मुंबईतल्या इमारतींवर पुस्तक केले, आणि पुढे २०१४च्या ‘बूम्बे’ या पुस्तकात दादर-माटुंग्यासारखे परिसर कसे घडले ते रेखाटनांच्या साथीने सांगितले. त्यांनी इमारतीपेक्षा परिसर मोठा मानला. रस्ता, भिंत, मोकळा पट्टा, बाग आणि घर यांना एकाच वाक्यात बसवले. दुसरा नमुना पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींचा. त्यांनी आपल्या वास्तूंची चित्रे लघुचित्रशैलीत काढली आणि काढवून घेतली. त्यांत इमारत वरूनही दिसते आणि समोरूनही, झाडे आडवी पसरतात, पक्षी, माणसे, पाणी सारे एका प्रतलावर येते. पाश्चात्त्य यथादर्शनाच्या नियमात जे मावत नाही ते मोगल आणि राजस्थानी चित्रकारांच्या रीतीत मावते, हे त्यांनी दाखवून दिले. बाग आणि घर यांचे नाते सांगायला ही रीत मला सर्वांत समर्थ वाटते, कारण बागेत माणूस एका ठिकाणी उभा राहत नाही, तो फिरतो. आणि मराठी नियतकालिकांची परंपराही लहान नाही. दीनानाथ दलाल, शि. द. फडणीस, वसंत सरवटे यांनी मराठी वाचकाची नजर घडवली. त्यांतले सरवटे तर व्यवसायाने स्थापत्य अभियंता. जिना, कठडा, खिडकी यांचा भार कुठे पडतो हे ज्याला कळते त्याची रेषा कशी चालते, ते त्यांच्या चित्रांत पाहावे. गोव्याच्या मारिओ मिरांडांनी गावचे रस्ते, घरे, बाल्कन्या माणसांच्या गर्दीसह काढल्या, आणि गोव्यातले घर म्हटले की अनेकांच्या मनात आज त्यांचेच चित्र येते.

यावर पहिला प्रश्न येतो तो कॅमेऱ्याचा. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना हाताने काढण्याचा आग्रह कशाला? उत्तरासाठी १९४०च्या ब्रिटनकडे पाहता येते. युद्धाचे सावट होते, बॉम्ब पडणार होते, आणि कॅमेरे तेव्हाही घरोघरी पोचले होते. तरीही केनेथ क्लार्क यांच्या पुढाकाराने ‘रेकॉर्डिंग ब्रिटन’ ही योजना आखली गेली, चित्रकारांना मानधन देऊन गावे, चर्च, गल्ल्या, शेते जलरंगात काढायला पाठवले गेले, आणि दीड हजारांहून अधिक चित्रे जमली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. अमेरिकेत १९३३ साली मंदीत बेकार झालेल्या वास्तुविशारदांना आणि आरेखकांना ऐतिहासिक इमारतींची मोजमापी रेखाचित्रे करण्याचे काम सरकारने दिले; ते काम आजही चालू आहे. या दोन्ही ठिकाणी छायाचित्राला कमी लेखले नव्हते, अमेरिकेच्या योजनेत तर छायाचित्रकारही होते. पण चित्र काही वेगळे करते. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सभोवतीच्या घराचे छायाचित्र घ्या: एप्रिलमध्ये पानांनी घर झाकलेले असते, आणि पानगळीत घर दिसते तेव्हा झाड उघडे असते. चित्रकार एक फांदी पारदर्शक करू शकतो, मागची गॅलरी दाखवू शकतो, मेमधला फुलोरा आणि जुलैमधली ओल एकाच कागदावर आणू शकतो. काय वगळायचे हे त्याला ठरवावे लागते, आणि ठरवण्यासाठी तासन्‌तास पाहावे लागते. सूचना देताच चित्र बनवून देणाऱ्या यंत्रांबद्दलही हेच उत्तर आहे. ती आजवर पाहिलेल्या लाखो चित्रांची सरासरी काढतात. दादरच्या अमुक गल्लीतल्या अमुक जाळीचे चित्र कोणी काढलेच नसेल, तर सरासरीत ती जाळी येणार कुठून?

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो चित्रकारांनी मनावर घ्यायला हवा. या घरांत राहणाऱ्यांच्या डोक्यावर स्लॅबचे तुकडे पडतात. गजांना गंज चढला आहे, ड्रेनेजचे पाइप फुटले आहेत, भाडेनियंत्रणामुळे मालकाने हात आखडता घेतला, आणि वृद्ध रहिवाशाला तिसरा मजला लिफ्टशिवाय चढावा लागतो. त्याला पुनर्विकास हवा आहे. अशा वेळी बाहेरच्या कोणी येऊन त्याच्या घराचे सुंदर चित्र काढावे आणि ‘हे जपा’ म्हणावे, यात अन्याय नाही का? अन्याय आहे, जर चित्र खोटे असेल तर. २०१२ साली मुंबई पालिकेने वारसा यादी वाढवण्याचा प्रस्ताव आणला तेव्हा शिवाजी पार्क परिसरातून कडवा विरोध झाला. त्या विरोधामागे वारशाचा द्वेष नव्हता, घर दुरुस्त करण्याचा आणि बदलण्याचा हक्क जाईल ही भीती होती. म्हणून माझा आग्रह सुंदर करून काढण्याचा नाही. टेकू लावलेला असेल तर टेकू काढा. ताडपत्री, एसीचे डबे, गॅलरीला बसवलेल्या सरकत्या काचा, भिंतीवरची ओल, पाण्याच्या टाकीसाठी छाटलेली फांदी, सारे काढा. असे चित्र पुनर्विकासाच्या आड येत नाही. उलट नवी इमारत बांधणाऱ्यासमोर ते एक नेमका प्रश्न ठेवते. जमिनीचा तो मोकळा पट्टा पार्किंगच्या पोडियमखाली जाणार का? रस्त्याकडचे झाड राहणार का, आणि त्याच्या मुळांना माती उरणार का? जिन्यात वारा येणार का? आज रहिवासी सोसायटीच्या बैठकीत चटई क्षेत्र, कॉर्पस आणि भाडे यांवर बोलतात, कारण त्यांच्या हातात तेवढेच कागद असतात. जे जाणार आहे त्याचे चित्र टेबलावर असेल, तर त्यातले काय मागून घ्यायचे हे तरी कळेल.

नोंद असली की वाद कसा बदलतो, याची उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर घडली आहेत. मुंबईच्या राणीबागेच्या प्राणिसंग्रहालयाच्या फेररचनेचा मोठा आराखडा आला, तेव्हा नागरिकांनी बागेतल्या झाडांचा जातवार अभ्यास मांडला आणि १८६२पासूनच्या या वनस्पती उद्यानाचे मोल लोकांना कळले. ओव्हल मैदानाभोवतीच्या ९४ इमारतींना २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या गॉथिक वास्तू आहेत तशीच विसाव्या शतकातली आर्ट डेको घरेही आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये मैदान आणि त्याच्या कडेची झाडे आहेत. मोकळ्या जागेसह समूह म्हणून ही दखल घेतली गेली, हे महत्त्वाचे. त्यामागे रहिवाशांचे आणि अभ्यासकांचे अनेक वर्षांचे नोंदीचे काम होते. उलट दिल्लीत राज रेवाल आणि महेंद्र राज यांनी १९७२ साली उभारलेला ‘हॉल ऑफ नेशन्स’ एप्रिल २०१७मध्ये रातोरात पाडला गेला. साठ वर्षे पूर्ण न झालेल्या वास्तूचा विचार वारसा म्हणून होणार नाही, ही भूमिका त्याआधी घेतली गेली होती. नोंद होती म्हणून सगळेच वाचते असे मी म्हणत नाही. त्या दालनाची छायाचित्रे आणि नकाशे जगभर गाजलेले होते, तरी ते गेले. पण सामान्य वसाहतीला तेवढीही नोंद नाही. ती गेल्यावर तिच्याबद्दल वाद घालायलाही काही उरत नाही.

काही जण म्हणतील, हे घरही परके आणि झाडही परके. सिमेंट काँक्रीटचे घर युरोपकडून आले, मग त्यात मराठी काय शोधायचे? गुलमोहोर मादागास्करचा, रेन ट्री अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशाचा. पण गुलमोहोर मराठी कवितेत कधीच रुजला, आणि काँक्रीटच्या गॅलरीत आपण पापड वाळवले, गुढी उभारली, दिवाळीचा आकाशकंदील टांगला. वापराने वस्तू आपली होते. चित्रकाराला तर या मिश्रणातच खरे काम आहे: देशी बहावा आणि ताम्हण, परदेशी रेन ट्री, बॉहाउसच्या वळणाची गॅलरी आणि तिच्यात तुळशीची कुंडी. शिवाय झाडांनाही मरण आहे. मुंबईतले रेन ट्री गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने मोठ्या संख्येने वाळले. ज्या गल्लीवर त्यांची कमान होती तिथे आज आकाश उघडे पडले आहे, आणि ती कमान किती रुंद होती हे सांगणारे चित्र बहुतेक ठिकाणी नाही.

चित्रकाराला नोंदणी कारकून करू नका, असाही सूर निघेल. त्याच्या स्वातंत्र्याला धक्का लावण्याचा हेतू नाही. ज्याला रंगांचा खेळ करायचा त्याने करावा, ज्याला स्वप्नातले घर काढायचे त्याने काढावे. तपशील जाणल्याने कल्पना आखडते, हे मात्र मला पटत नाही. दोशींच्या चित्रांत कल्पनेची कमतरता नाही आणि इमारतीची नेमकी ओळखही हरवत नाही.

करायचे काय, ते फार अवघड नाही. राज्याचे कला संचालनालय एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षा घेते. मोठ्या संख्येने विद्यार्थी त्यांना बसतात आणि स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र काढतात. त्यात आपल्या गल्लीतले एक घर आणि त्याच्या पुढचे झाड जागेवर बसून काढण्याचा स्वाध्याय घालता येईल. वास्तुकला महाविद्यालयांत मोजमापी रेखाटनाचे काम दर वर्षी होतेच; ते बहुधा जुन्या वाड्यांवर आणि मंदिरांवर होते, त्यातला काही वाटा हाउसिंग बोर्डाच्या वसाहतींना द्यावा आणि नकाशात झाडाचे वर्तुळ काढून न थांबता त्याची जात, घेर आणि उंची लिहावी. दिवाळी अंकांनी एखादे वर्ष मुखपृष्ठ आणि आतली सजावट आपल्याच शहरातल्या अशा परिसराला द्यावी, आणि चित्रकाराला त्यासाठी हिंडायला वेळ व पैसा द्यावा. पुनर्विकासाचा प्रस्ताव पालिकेकडे जातो तेव्हा झाडांची यादी जोडावीच लागते. त्या यादीसोबत आवाराचे तारीख घातलेले एक चित्र मागितले, तर खर्च नगण्य आहे. पन्नास वर्षांच्या अटीमुळे झाडाचे वय हा पुढे वादाचा मुद्दा होणारच आहे, आणि तारीख असलेले जुने चित्र तेव्हा उपयोगी पडेल. चित्राच्या मागे रस्त्याचे नाव, झाडाचे मराठी आणि शास्त्रीय नाव, काढल्याचा दिवस आणि चित्रकाराची सही असावी. मूळ प्रत विभाग कार्यालयाच्या कपाटात कोंडून न ठेवता जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात लावावी, म्हणजे त्या घरांत राहिलेल्यांना ती पाहता येईल आणि चुकलेले दुरुस्त करून सांगता येईल. मानधन मात्र ठरवून आणि वेळेवर द्यावे. ब्रिटनने युद्धाच्या वर्षांत ते दिले होते.